विरळ ओळींचं यश

संशोधन केंद्रातल्या तंत्रसहायकाने कोरडवाहू हरभऱ्यापायी तीन वर्षं हाडं झिजवली होती. दोन ओळींत तीस सेंटिमीटर अंतर ठेवावं की पंचेचाळीस, एवढाच प्रश्न होता. विरळ ओळींतल्या झाडांना दरवर्षी जास्त फांद्या फुटत आणि तिथली ओलही जास्त दिवस पुरे. उद्या अहवाल साहेबांकडे जायचा होता आणि त्यावरच त्याची रखडलेली बढती अवलंबून होती.

“मावशी, यंदाही विरळ ओळींनीच बाजी मारली,” तो निंदणीवाल्या बाईंना म्हणाला.

“मारणारच. शेंडे खुडले की हरभरा फुटतोच.”

“कुणी खुडले?”

“आम्हीच, भाजीसाठी घरी न्यायला. दाट ओळींत पाय कुठे ठेवणार? म्हणून विरळ ओळींतलेच.”

“तिन्ही वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?”

“तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही आपले मातीलाच विचारत बसता.”

 खोलीत जाऊन त्याने अहवालाचं शेवटचं पान फाडलं आणि नव्या पानावर लिहिलं: ‘प्रयोग आणखी तीन वर्षं चालवावा. एकाही ओळीतले शेंडे खुडू नयेत.’ मावशींचा चेहरा आठवला, तेव्हा त्याने खाली भर घातली, ‘अथवा सगळ्याच ओळींतले खुडावेत.’