आबांच्या पाटावर

आमच्या घराण्याला एक खोड आहे. कोणी कोणाला विचारत नाही, जो तो करून मोकळा होतो. ही खोड आबांची. बाहेरगावी गेलेल्या भावाचं शेतसुद्धा त्यांनी न विचारता पेरून दिलं होतं, आणि वर त्यालाच सुनावलं होतं, की बी कोणतं पेरायचं हे तुला काय कळतंय!

शिरपूरजवळच्या आमच्या गावात उखर्डूआबा म्हटलं की दोन गोष्टी निघत. एक, त्यांची विहीर. बेचाळीस हात खोल, आबांनी आणि आईने दोन उन्हाळ्यांत खणलेली. आबा खाली पहार मारत, आई वर दोर ओढी. लोक म्हणत, या खडकाला काय पाझर फुटणार? फुटला. दुसरी गोष्ट, आम्ही पोरी. कापूस वेचायच्या दिवसांत तिघींना धुळ्याला शिकायला ठेवणारा बाप म्हणून आबांना गावाने वेडात काढलं होतं. आज आम्ही तिघी नोकरीला आहोत आणि तेच लोक त्यांच्या नातींच्या प्रवेशासाठी मला फोन करतात. मीही करते मदत, पण आधी दोन शब्द ऐकवते. मी आबांचीच मुलगी.

माघात आबा गेले. आईने तेव्हाच नेम धरला: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांची पहिली घागर भरायची, त्यांच्या जागी पाटावर बसवलेला माणूस, म्हणजे पितर, तृप्त होऊन उठला की त्यानंतरच पोटभर जेवायचं. तोवर अर्धी भाकरी आणि चहा. मधुमेहाची बाई! साखर एकदम उतरून दोनदा सलाईन लागलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, मी आईवर ओरडले, आईने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. त्यामुळे यंदा आखाजीला माहेरी आले ती झोक्यावर बसायला नव्हे. पितर लवकर जेवावा आणि आईच्या पोटात अन्न जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून मी आबांचे बालमित्र कौतिकनाना यांना पितर म्हणून बसायचं आमंत्रण आधीच देऊन ठेवलं होतं.

आखाजीच्या दिवशी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला. अकराला कौतिकनाना आले, सकाळपासून उपाशी. त्यांच्यामागून भाऊकीतले निवृत्त हेडमास्तर आले, तेही उपाशी. त्यांना माझ्या भावाने, कुंदनने, सांगितलं होतं. आणि दाराशी धुतलेल्या सदऱ्यात प्रेमराज उभा होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, आमच्याकडे सव्वीस वर्षं सालदार गडी. त्याला आईने होळीलाच सांगून ठेवलं होतं.

कौतिकनाना मिशीत हसले. "उखर्डू एकलाच व्हता, पितर तीन कसा व्हयनात?"

मी कुंदनकडे डोळे वटारले, त्याने माझ्याकडे. हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले, भाऊकीचा मान असतो. आई चुलीपासून उठलीसुद्धा नाही.

"प्रेमराजच बठी," ती म्हणाली. "सव्वीस वरीस यानी त्यासनासंगे वावर करं."

विषय संपला. हेडमास्तर बाजेवर जाऊन बसले. कुंदनने प्रेमराजचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, त्याला पाटावर बसवलं. आईने स्वतः ताट वाढलं. मी मनात म्हटलं, चला, आता दहा मिनिटं.

प्रेमराज ताटाकडे बघत बसून राहिला.

"जेव ना रे," आई म्हणाली.

"आबा कधी पहिले जेवनात का, माय?" तो खाली मान घालून म्हणाला. "वावरमा आम्हले जेवाडेत, बैलसले पानी दाखाडेत, मंग सोता बठेत. आज मी आबा शे ना? मंग बठ्ठा जन पहिले जेवा. तूबी."

"मना नेम शे, बापा. पितर जेवाबिगर मी घास लेवाव नहीं."

"मंग मीबी लेवाव नहीं."

घरात पंधरा माणसं भुकेली, पोळ्या निवत चाललेल्या, आणि हे दोघे एकमेकांसमोर ठाण मांडून. माझा संताप संताप झाला. हेडमास्तर म्हणाले, शास्त्रात असं काही नाही. कौतिकनानांनी मांडीवर थाप मारली. "याले म्हंतस पितर! उखर्डू जित्ता व्हता तवयबी आसाच आडमुठा."

आईने पदराने डोळे पुसले, कुंदनला म्हणाली, "पंगत मांड."

सगळे बसले. आई प्रेमराजच्या अगदी समोर बसली. मग तिने अख्खी पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली. मला रडूच फुटलं. मी लाज न धरता रडले.

दुसरी पोळी संपल्यावर आईने हात धुतला.

"आते जेव," ती म्हणाली. "भूक लागनी व्हई."

प्रेमराजने आमरसात पोळी बुडवली आणि तो भराभर जेवू लागला, दिवसभर राबलेल्या माणसासारखा.

लहानपणापासून मी समजत होते, आबांना भूकच उशिरा लागते.