तळातलं पाणी

ऑलिव्हने त्या पाहुण्याच्या हातातली बादली हिसकावून घेतली, तेव्हा अर्धं पाणी डेकवर सांडून झालं होतं.

"टाकीतलं?" तिने विचारलं.

"हो." ब्रेट अभिमानाने म्हणाला. त्याच्या हातात कोरे करकरीत हातमोजे होते, शिडाच्या दोरांसाठी खास आणलेले. "लिनेटने डेक धुवायला सांगितला ना? मी मुद्दाम गोडं पाणी घेतलं. खाऱ्याने लाकूड खराब होतं."

ऑलिव्हने तोंड उघडलं आणि मागे पाहिलं. सुकाणूवर तिची मुलगी लिनेट उभी होती. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. ऑलिव्हने तोंड मिटलं. बादली दोराने समुद्रात सोडली, भरून वर ओढली आणि ब्रेटच्या पायांवरून, बुटांसकट, डेकवर फेकली.

"असं," ती म्हणाली. "गोड्याने कुजतं. खाऱ्याने टिकतं."

हे सांगायला शब्द खर्चावे लागतात, याचाच तिला संताप होता. ह्युऑन नदीच्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण 'अ‍ॅडलीन'वर आता काठावरची माणसं येत नव्हती. हे गलबत एके काळी सफरचंदांच्या पेट्या भरून हॉबार्टला जायचं. आता त्यावर सहा पाहुणे एका रात्रीसाठी यायचे, आणि फ्रँकलिनच्या धक्क्यावर लिनेटने पाटी लावली होती : शिडांचं काहीही येत नसलं तरी चालेल. कामावर माणूस घेताना काय येतं ते विचारतात. इथे काही येत नाही म्हणून घ्यायचं, वर त्यांना रांधून घालायचं. ऑलिव्ह अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. त्यातली पंचावन्न तिने या गलबताच्या चुलीपुढे काढली होती, आणि अशी पाटी तिने जन्मात पाहिली नव्हती.

मार्चमध्ये एका पाहुणीने पत्र लिहिलं होतं. स्वयंपाकीणबाईंनी मला सगळ्यांदेखत जेलीफिश म्हटलं. म्हटलं होतं. ती बाई ओढायच्या दोरावरच बसकण मारून बसली होती, आणि उठवली तर दुसरीकडे जाऊन पसरली.

म्हणून आज सकाळी निघण्यापूर्वी लिनेटने तिला धक्क्यावर बाजूला घेतलं होतं.

"आई, दोन गोष्टी. पाहुण्यांना एक वाकडा शब्द बोलायचा नाही."

"आणि सरळ?"

"सरळही जपून. आणि दुसरं म्हणजे, मागच्या खणात पंपाच्या उशाशी तू झोपतेस. मी पुढे असते, मला तिथून ऐकू येत नाही. रात्री पंप किती वेळा लागला, ते सकाळी विचारीन. सांगता आलं तर ठीक. नाही तर सोमवारपासून शेजारच्या ऱ्होंडाची मुलगी मागे झोपेल आणि तू घरी राहशील."

"मला ऐकू येतं."

"आत्ता मी तीन हाका मारल्या."

"ऐकू येत होतं. ऐकायचं नव्हतं."

लिनेट हसली नव्हती.

पंप हे तर ऑलिव्हचं जुनं दुखणं. लाकडाच्या गलबतात पाणी येतंच. थोडं येतं आणि तळाशी साचतं. तिचा नवरा आर्थर रोज सकाळी चहाच्या आधी लोखंडी हातपंप मारायचा आणि मोठ्याने मोजायचा. चाळीस हात म्हणजे गलबत सुखरूप. पन्नास झाले की तो चहा तसाच ठेवून दिवा घेऊन खाली उतरायचा. तो गेल्यावर मोजायचं काम ऑलिव्हकडे आलं. या हिवाळ्यात लिनेटने विजेचा पंप बसवला. पाणी वाढलं की तो आपोआप गुरगुरतो, बाहेर फेकतो आणि गप्प होतो. किती पाणी आलं ते आता त्यालाच ठाऊक. हातपंपाच्या दांड्यावर पाहुणे ओले टॉवेल वाळत घालायचे.

त्यात 'अ‍ॅडलीन' रंगासाठी तीन आठवडे जमिनीवर होती, पाण्यात उतरून चारच दिवस झाले होते. उन्हात फळ्या सुकतात, फटी उघडतात. मग पाण्यात उतरलं की लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. तोवर गळणारच. नदीवर कुणी त्याची काळजी करत नाही. 'पितंय' म्हणतात आणि कामाला लागतात.

संध्याकाळी त्यांनी सिग्नेटच्या खाडीत नांगर टाकला. जेवायला स्कॅलॉपच्या, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरून भाजलेल्या पाई होत्या. सहाही पाहुणे खाली टेबलाभोवती दाटीने बसले. त्यांतली पाच माणसं बरी होती, म्हणजे निदान तोंडं भरलेली होती. सहावी श्रीमती टेट. मेलबर्नहून एकटीच आलेली, साठीपुढची, काटकुळी. सकाळपासून त्या बाईने चहा पातळ, उशी सपाट आणि चुलीला केरोसीनचा वास अशा तीन तक्रारी केल्या होत्या.

"या पाईत मिरी जरा जास्त झाली आहे का?" श्रीमती टेट म्हणाल्या.

ऑलिव्ह भांडी गोळा करत होती आणि श्रीमती टेट तिच्या डाव्या बाजूला होत्या. तिने पुढची ताटली उचलली.

"मी म्हटलं, मिरी."

ऑलिव्ह भांडी घेऊन निघून गेली. श्रीमती टेटनी तिच्या पाठीकडे क्षणभर पाहिलं आणि पाई संपवली.

"आजींना राग आला वाटतं," ब्रेट कुजबुजला.

"नाही," श्रीमती टेट म्हणाल्या. "राग नाही आला."

सकाळी सहाला लिनेट स्वयंपाकाच्या खणात डोकावली. ऑलिव्ह पॉरिज ढवळत होती.

"आई. पंप?"

ऑलिव्हचा हात थांबला नाही. रात्री ती पडली तशी गाढ झोपली होती. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. मधलं काही तिच्यापाशी नव्हतं, ना आवाज, ना शांतता.

"दोनदा," ती म्हणाली. "पितंय."

"छान." लिनेटच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "मग लगेच निघू. नैऋत्येचा वारा धरतोय. चॅनल ओलांडून थेट ब्रूनी बेटाला जाऊ. सगळी शिडं उभारू. पाहुण्यांना जरा खरी गंमत कळू दे."

ती वर गेली. ऑलिव्हने पॉरिजमध्ये मीठ घातलं आणि थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

"क्षमा करा," मागून आवाज आला असावा, कारण नंतर श्रीमती टेट वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. ते ऑलिव्हच्या लक्षात आलं आणि तिला अतिशय राग आला.

"क्षमा करा. मला तक्रार करायची आहे."

"वाटलंच मला. चहा अजून व्हायचाय. पातळ आहे का दाट, ते झाल्यावर सांगा."

"चहाची नाही. त्या यंत्राची. रात्रभर गुरगुरत होतं. मला झोप नाही."

"दोनदा गुरगुरलं."

"आठदा."

ऑलिव्हने डाव खाली ठेवला. लिनेट वर होती, आणि वाकडा शब्द जिभेच्या टोकावर होता. "बाई, अनोळखी अंथरुणावर एकाचे आठ होतात माणसाला."

"माझे होत नाहीत. मी एकतीस वर्षं वॉर्डात रात्रपाळी केली. जे गुरगुरतं त्याची वेळ लिहायची, हे हातात बसलंय." त्यांनी एक कागद पुढे केला. बिस्किटांच्या पुड्याचं वेष्टन, आतून पांढरं. "तुमच्या मुलीला देणारच होते. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही तर त्याच्या उशाशीच होता."

ऑलिव्ह चौथीपर्यंतच शिकलेली, पण घड्याळ तिला वाचता येत होतं. तिने बोट ठेवून वाचलं. सव्वाअकरा. बाराला पन्नास. दोन वाजून पाच. तीन. तीन चाळीस. चार दहा. साडेचार. पावणेपाच.

तिने पुन्हा वरपासून बोट फिरवलं. पहिल्या दोन खेपांमध्ये दीड तासाहून जास्त वेळ होता. शेवटच्या दोन खेपांमध्ये पाव तास.

पाणी पिणारं लाकूड दर तासाला कमी गळतं. जास्त नाही.

"पावणेपाचनंतर?" तिने विचारलं.

"मग माझा डोळा लागला."

ऑलिव्हने मागच्या फळीवर तळहात ठेवला. पलीकडे पंप होता. फळी थरथरत होती. ती वाट पाहत राहिली. थरथर थांबली नाही. पॉरिज जळायला लागल्याचा वास आला, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने चूल बंद केली.

वर नांगराची साखळी करकरायला लागली होती. श्रीमती टेटनी वर पाहिलं, म्हणून ऑलिव्हला ते कळलं.

ती शिडीवरून वर आली. दांड्यावरचे टॉवेल तिने ओढून खाली टाकले आणि हातपंप मारायला सुरुवात केली. दांडा जड होता. दहाला खांदा बोलायला लागला. वीस. तीस. पाणी स्वच्छ होतं, तळाचं काळं नाही. आत्ताच आत आलेलं, ताजं, समुद्राचं. चाळीसला धार पहिल्याइतकीच जाड होती. पन्नास. साठ.

"आई, काय करतेस?" लिनेट तिच्या समोर येऊन उभी राहिली. पाठोपाठ ब्रेट आणि बाकीचे.

"एकसष्ट. मागे गळतंय. बासष्ट. नांगर राहू दे."

"पितंय, तूच म्हणालीस. दोनदा लागला म्हणालीस."

ऑलिव्हने दांडा सोडला नाही. चॅनलकडच्या पाण्यावर पांढऱ्या रेघा उठायला लागल्या होत्या. पुढ्यात श्रीमती टेट शिडीच्या तोंडाशी उभ्या होत्या, वेष्टन हातात. त्या काहीच बोलत नव्हत्या. बोलणार नव्हत्या, हेही ऑलिव्हला त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं. ऑलिव्हला म्हणता आलं असतं, की मीच मोजलं, सकाळी उठून पाहिलं आणि शंका आली. पंचावन्न वर्षं गलबतावर काढलेल्या बाईला शंका येऊ शकते. कुणी विचारलं नसतं.

"आठदा लागला," ती म्हणाली. "आता तर थांबतच नाहीये. मी झोपले होते. मला ऐकू आलं नाही. या बाईंनी ऐकलं."

ब्रेटने आपले हातमोजे चढवले आणि दांडा तिच्या हातातून काढून घेतला.

"किती झाले होते?" त्याने विचारलं.

"बासष्ट. मोठ्याने मोज. चुकलास तर पहिल्यापासून."

लिनेट दिवा घेऊन मागच्या खणात उतरली. पाच मिनिटांनी कोपरापर्यंत भिजून वर आली. ऑलिव्हच्याच अंथरुणाखाली, फळ्या मागच्या खांबाला मिळतात तिथे, फटी बुजवायला ठोकून बसवलेला कापूस वीतभर निघून लोंबत होता. रंगाच्या वेळी तो कुणी नीट ठोकला नव्हता, किंवा ठोकला म्हणून सांगितलं होतं. शिडं उभारून, वाऱ्यावर कलून, लाटांत घातलं असतं तर ती वीत कुठवर गेली असती, हे लिनेटने पाहुण्यांना सांगितलं नाही. आईला सांगायची गरज नव्हती.

चरबी लावलेलं कापड, त्यावर फळी, फळीला पाचर. ऑलिव्ह दिवा धरून होती आणि लिनेट ठोकत होती.

"वर. अजून वर. डोळे फुटलेत का? तिथे नाही, गाठीच्या वर."

"ठोकतेय ना."

"बापाने ठोकलं असतं एव्हाना."

"बाप माझ्या जागी असता तर तुला केव्हाच घरी बसवलं असतं," लिनेट म्हणाली. पण ती ऑलिव्हच्या डाव्या बाजूला होती. ऑलिव्हने नेहमीसारखी मान हलवली.

ब्रूनी राहिलं. शिडं गुंडाळलेलीच ठेवून ते इंजिनावर नदीत परत फिरले. सहाही जणांनी आळीपाळीने हातपंप मारला. कालपर्यंत ज्यांना दोराची गाठ सुटत नव्हती, ते एकमेकांवर खेकसून मोजत होते. नवरा-बायकोचं एक जोडपं त्र्याऐंशी का चौऱ्याऐंशी यावरून भांडलं. जळलेलं, दुप्पट मिठाचं पॉरिज ऑलिव्हने कुणाला न विचारता वाढलं आणि सगळ्यांनी ते खाल्लं. श्रीमती टेटनीही खाल्लं.

"मीठ?" ऑलिव्हने त्यांना विचारलं.

"भरपूर आहे."

"लिहून ठेवा."

फ्रँकलिनला पोचेस्तोवर पंपाचे हात पंचेचाळीसवर आले होते. पाहुणे उतरले. ब्रेटने उतरताना डेककडे वळून पाहिलं, मग बादली समुद्राइतक्याच खारट नदीत बुडवून डेकवर ओतली आणि गेला. श्रीमती टेटनी ते वेष्टन घडी करून चुलीजवळच्या खिळ्याला अडकवलं होतं. ऑलिव्हने ते पाहिलं, काढलं नाही.

तिने मागच्या खणातली वळकटी बांधली. अंथरूण तसंही ओलं झालं होतं. वळकटी काखेत मारून ती धक्क्यावर आली. लिनेट दोर खांबाला गुंडाळत होती, पाठमोरी. तिने मान न वळवता काहीतरी म्हटलं. वारा होता, आणि बाजू डावी. ऑलिव्हला तिचे खांदे हलताना दिसले.

अशा वेळी काय करायचं ते तिला माहीत होतं. 'बघू' म्हणायचं आणि चालायला लागायचं. गेली चार वर्षं ती तेच करत होती, आणि बहुतेक प्रश्नांना ते चालून जायचं.

ती दोन पावलं चालली. मग थांबली.

"काय म्हणालीस?"

लिनेटचे हात दोरावर थांबले. तिने वळून पाहिलं.

"परत सांग," ऑलिव्ह म्हणाली. "इकडून."

लिनेट वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आली. दोराचं टोक अजून तिच्या हातात होतं.

"ऱ्होंडाची मुलगी मागे झोपेल," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "तू पुढे. माझ्या शेजारी. आणि सकाळी सहाला हातपंप. रोज. मोजून. ते तिला जमणार नाही."

धक्क्यावर मासे साफ करणारी दोन माणसं वळून बघायला लागली.

"एवढं कोकलायला काय झालं?" ऑलिव्ह म्हणाली. "बहिरी झालेय, मेले नाहीये."

तिने वळकटी लिनेटच्या हातात कोंबली आणि पॉरिजचं जळकं भांडं घासायला परत गलबतावर चढली.