मागचं दार

"गाडी परत आली की आधी मागचं दार उघड, पोरी," भाड्याच्या गाड्या धुणारे खमीसकाका म्हणायचे. "पाहुणे काय वाट्टेल ते विसरतात."

"चपला शोधायचा पगार नाही मला, काका."

जुलैत, मस्कत विमानतळावर, आठवडाभर गाडी हाकून थकलेलं एक परदेशी जोडपं गाडी परत करायला आलं. बायको सामान घेऊन पुढे गेली, नवऱ्याने मला किल्ली दिली. मागच्या सीटवर झोपलेलं बाळ दुसऱ्याने उचललं, असं दोघांना वाटलं. मी मागे न बघताच गाडी उन्हात लावून कुलूप घातलं. बाळ सापडलं तेव्हा गेलेलं होतं.

पोलिसांना मी सांगितलं, मागचं बघणं काकांचं काम. माझंही बाळ अंगावर पीत होतं. काकांनी ते नाकारलं नाही; माझ्याऐवजी तेच तुरुंगात गेले.

सुटून ते निझवाला गेलेत म्हणे. ही गाडी घेऊन तिकडे गेलात तर कसे आहेत बघाल? माझं नाव सांगू नका.