चार नंबरचा शर्ट

एकाच ताग्यातून बेतलेल्या, एकाच हाताने शिवलेल्या आणि एकाच सकाळी वापरायला काढलेल्या दोन शर्टांपैकी एकावर अठरा दिवसांनंतर सत्तेचाळीस पांढरे डाग होते, दुसऱ्यावर दोन. पहिला शर्ट ज्यांचा होता ते दिवसातून वीस मिनिटे ब्लीचजवळ जात. दुसरा ज्याचा होता तो रोज सहा तास ब्लीच फवारत असे.

श्यामसुंदरांनी दोन्ही शर्ट गोदामातल्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि पेन्सिलीच्या टोकाने डाग पुन्हा मोजले. सत्तेचाळीस. दोन. कॉलरच्या आत, शर्ट शिवणाऱ्या नसीमबानूने लावलेल्या कापडी चिठ्ठ्यांवर आकडे होते : एक, म्हणजे ते स्वतः, आणि चार, म्हणजे युसूफ. उरलेल्या चौघांच्या शर्टांवर तीन ते सहा डाग होते. त्यांनी वहीत तारीख घातली, आकडे मांडले आणि चार नंबरचा शर्ट घडी करताना जरुरीपेक्षा जोरात दाबला.

इमारती बाहेरून धुऊन देणाऱ्या या कंपनीत कापड कोणते घ्यायचे, हे अकरा वर्षे श्यामसुंदर ठरवत आले होते. पावसाळ्यानंतर भिंतींवर साचलेले काळे शेवाळ काढायला ब्लीचशिवाय इलाज नसतो आणि ब्लीचपुढे रंगवलेल्या सुताचा टिकाव लागत नाही. ते रसायनशास्त्राचे पदवीधर. ब्लीच नेमके काय खाते हे त्यांना सूत्रासकट ठाऊक होते. तरी त्यांनी जाड सुती कापड धरून ठेवले होते, कारण ते उन्हात सोसवते. दर दोन महिन्यांनी सगळा ताफा गोधडीसारखा ठिपकेदार दिसू लागे आणि नवे कपडे शिवावे लागत.

मग एका बैठकीत मालकीण पद्मजाताईंनी मान दुसरीकडे वळवली होती.

"युसूफ, तुला काय वाटतं?"

"मिश्र कापड बघू या, ताई. दोन भाग पॉलिएस्टर, एक भाग सूत. डाग पडला तरी फिकट पडेल."

"बघू या," पद्मजाताई म्हणाल्या.

एवढेच. पण त्याआधीची अकरा वर्षे तो प्रश्न श्यामसुंदरांना विचारला जात असे. युसूफला कंपनीत येऊन चार वर्षे झाली होती. ब्लीचमध्ये पाणी किती घालायचे हे त्याला शिकवले होते श्यामसुंदरांनीच. आता खराडीत दोन मोठ्या इमारतींचे चौदा महिन्यांचे काम आले होते आणि तिथे प्रमुख म्हणून एकालाच पाठवायचे होते. पद्मजाताईंनी नाव सांगितले नव्हते. मिश्र कापडाच्या सहा शर्टांच्या चाचणीचा अहवाल मात्र श्यामसुंदरांकडून मागवला होता, आणि तोही त्याच शनिवारी, ज्या दिवशी नाव जाहीर व्हायचे होते.

"अहो श्यामसुंदर," त्या परवा गोदामात डोकावून म्हणाल्या होत्या, "तुमच्या शर्टावर आकाशगंगा उतरलीय. दुर्बीण आणू का?"

"चाचणी चालू आहे, ताई."

"चालू द्या. पण युसूफचा शर्ट बघा, कालच दुकानातून आणल्यासारखा. त्याला विचारा तो काय करतो."

ते त्यांनी विचारले नाही. विचारण्याऐवजी त्यांनी प्रयोग केले. दोन्ही शर्टांच्या आतल्या शिवणीतून बोटभर तुकडे काढून बश्यांत ठेवले, वर एकाच ड्रममधल्या ब्लीचचे थेंब टाकले आणि घड्याळ लावून बसले. दोन्ही तुकडे सारख्याच वेळात, सारखेच फिकटले. धुलाईचे यंत्र एकच, साबण एकच. दोरीवर वाळत घालण्याची जागाही त्यांनी आलटून पालटून पाहिली. फरक नव्हता. कापड निर्दोष सुटले की माणसावर संशय येतो. श्यामसुंदरांचा संशय मात्र कापडाला सोडून शिवणारणीवर गेला. नसीमबानू युसूफची सख्खी बहीण होती.

गंज पेठेतल्या तिच्या खोलीत शिलाईचे यंत्र दाराशीच होते. तिने ते थांबवले नाही.

"या साहेब. स्टूल आहे, बसा. पुन्हा कॉलर आवळायला लागली का?"

"कॉलर ठीक आहे. एक विचारायचं होतं. सहाही शर्ट त्याच ताग्यातले ना?"

"तागा तुम्ही आणलात. काठावर सही तुम्ही केलीत. उरलेला तुकडासुद्धा मोजून घेऊन गेलात."

"नाही, म्हणजे एखाद्या शर्टाला वेगळं काही केलं असेल, धुऊन, भिजवून..."

आता यंत्र थांबले. नसीमबानूने चष्मा कपाळावर नेला.

"वेगळं केलंय की. तुमच्याच शर्टाला. आठ दिवसांनी परत आणून दिलात, मान वर केली की गळ्याला काचतं म्हणालात, म्हणून कॉलर अर्धा इंच सैल केली. बाकी पाचांना ती तक्रार नाही." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "भावाला चांगलं आणि तुम्हाला वाईट असं शिवायला, साहेब, दोन डोकी लागतात. मला एकच आहे."

यंत्र पुन्हा सुरू झाले. श्यामसुंदर जिना उतरले आणि स्कूटरला तीनदा किक मारावी लागली.

त्या रविवारी, सदाशिव पेठेतल्या आपल्या घराच्या गॅलरीत बसून, छप्पन्न वर्षांच्या श्यामसुंदरांनी दाढीच्या ब्लेडने दोन चिठ्ठ्यांचे टाके उसवले. पत्नी माहेरी गेली होती, म्हणून सुईदोऱ्याचा डबा शोधण्यात पाऊण तास गेला. एक नंबरची चिठ्ठी त्यांनी चारच्या शर्टाला लावली, चारची एकच्या. बोटाला दोनदा सुई टोचली. सत्तेचाळीस डागांचा शर्ट युसूफला गेला तर तो ओळखणार हे उघड होते; म्हणून डागांवर त्यांनी निळ्या शाईचे बारीक ठिपके दिले आणि ते वाळेपर्यंत वर्तमानपत्राने वारा घातला. शास्त्रात याला चाचणीची अदलाबदल म्हणतात, असे त्यांनी स्वतःला सांगितले. ज्याच्यावर चाचणी होते त्याला ती ठाऊक नसली तर अधिक चांगले, हेही सांगितले.

सोमवारपासून ते मूळचा चार नंबरचा शर्ट घालून कामावर जाऊ लागले. काम स्वारगेटजवळच्या एका सहा मजली इमारतीचे होते. सकाळी ते रबरी ॲप्रन बांधून ब्लीचमध्ये पाणी मिसळत, ॲप्रन काढून धूत आणि मग देखरेख करत. युसूफ गच्चीवरून दोरीने उतरे आणि वरून खाली फवारत येई. शर्ट खांद्याला सैल होता, हलका होता, आणि तो अंगावर आहे या जाणिवेने पहिल्या दिवशी त्यांना लहान मुलासारखे बरे वाटले. वर, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, युसूफच्या अंगावर त्यांचा शर्ट होता. त्यावर आता डाग किती पडतात, हे पाहायला ते उत्सुक होते.

ब्लीचचा थेंब पडताना कळत नाही. तो पाण्यासारखाच असतो, वाळल्यावर बोलतो. संध्याकाळी त्यांनी शर्ट काढून टेबलावर पसरला. तीन नवे डाग. मंगळवारी चार. शुक्रवार सकाळपर्यंत चार नंबरच्या जवळजवळ निष्कलंक शर्टावर चौदा नवे डाग पडले होते. युसूफच्या अंगावरच्या शर्टावर शाईचे ठिपके धुऊन गेले होते, जुने सत्तेचाळीस पुन्हा उघडे पडले होते, आणि नवा डाग एकही नव्हता.

म्हणजे शर्टात काही नव्हते. मग त्याच्यात काय होते?

शुक्रवारी दुपारी इमारतीच्या मागच्या सावलीत दोघे डबा खायला बसले. युसूफने भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरला.

"काका, शर्ट बदललेत ना?"

श्यामसुंदरांचा हात डब्याच्या झाकणावर राहिला.

"सोमवारीच कळलं," युसूफ म्हणाला. "कॉलर सैल लागली. आत बघितलं तर चिठ्ठीची गाठ वर. आपा गाठ नेहमी कापडाच्या आत लपवते. आणि शाई... शाई तर पहिल्या घामाला उतरली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? म्हटलं, तुम्हाला हवा असेल चांगला शर्ट. उद्या ताईंसमोर उभं राहायचंय तुम्हाला." त्याने तुकडा तोंडात टाकला. "खराडी तुम्हालाच मिळायला पाहिजे, काका. मी ताईंना सांगितलंय तसं. मिश्रण मला नाही जमत. तुम्ही दोन दिवस दवाखान्यात होतात तेव्हा मी केलं, तर तिघांचे डोळे दिवसभर चुरचुरत होते."

श्यामसुंदरांनी झाकण काढले. आत उसळ होती. ती कशाची आहे हे त्यांना लगेच कळले नाही.

"आणि खरं सांगू?" युसूफ पुढे म्हणाला. "तुम्ही असता म्हणून वर निर्धास्त वाटतं. बाकीच्या साइटवर साहेब लोक खुर्ची टाकून फोन बघत बसतात. इथं कधीही खाली बघावं, तर तुम्ही बरोबर माझ्याखाली, मान वर करून. वाटतं, कोणीतरी बघतंय बाबा आपल्याकडे. दोरी बघता ना?"

"हं," श्यामसुंदर म्हणाले.

"वाटलंच मला."

दुपारचा फवारा सुरू झाला तेव्हा श्यामसुंदर खुर्चीवर जाऊन बसले. खुर्ची लाल-पांढऱ्या फितीच्या बाहेर, भिंतीपासून वीस फुटांवर होती. दोरीवर माणूस असताना फितीच्या आत कोणी पाऊल ठेवायचे नाही, हा नियम खांबाला लावलेल्या कागदावर होता आणि त्याखाली सही त्यांचीच होती. युसूफ तिसऱ्या मजल्याशी आला. त्याने नळी भिंतीकडे धरली होती, वारा पाठीवर घेतला होता. फवारा भिंतीवर आपटून खाली झरत होता आणि त्याच्या पायांखालून बारीक तुषार जमिनीकडे येत होते. सिमेंटवर जिथे ते पडत होते, तिथे दोन पावले मावतील एवढी जागा बाजूच्या जमिनीपेक्षा पांढरट झाली होती.

त्यांनी खिशातून वही काढली. वही दोन बाजूंनी लिहिलेली होती. पुढून रोजचे डाग. मागून, महिन्याभरापासून, आणखी एक यादी, जी शनिवारी उपयोगी पडेल असे त्यांना वाटले होते : *११.२० – तिसरा छज्जा, खालची कड राहिली. ३.०५ – पाइपामागे काळे. ४.१० – छज्जा, पुन्हा खालची कड.* प्रत्येक नोंदीवर वेळ होती. कोणत्याही नोंदीवर युसूफचे नाव नव्हते. त्याची गरज नव्हती.

त्यांनी खुर्चीवरूनच वर पाहिले. छज्ज्याची खालची कड तिथून दिसत नव्हती. ते उठले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. फितीच्या बाहेरून कुठूनही ती दिसत नव्हती.

मग त्यांनी दोन्ही याद्या एका कोऱ्या पानावर शेजारी शेजारी उतरवल्या. ज्या दिवशी मागच्या यादीत पाच नोंदी होत्या, त्या दिवशी पुढच्या यादीत चार-पाच डाग होते. ज्या दिवशी दोन, त्या दिवशी एक किंवा दोन. युसूफ मावसभावाच्या लग्नाला सोलापूरला गेला होता त्या दोन दिवसांत दुसराच माणूस दोरीवर होता. भिंत तीच, ब्लीच तेच, वारा तोच. मागच्या यादीत काही नव्हते. पुढच्या यादीत शून्य आणि शून्य.

डागांच्या जागाही त्यांनी आठवून पाहिल्या. दोन्ही खांदे, छाती, कॉलरची पुढची बाजू. बाहीच्या टोकाला, जिथे काम करणाऱ्याच्या अंगावर उडते, तिथे एकही नाही.

वरून युसूफने खाली पाहिले. जिथे रोज दिसत तिथे श्यामसुंदर दिसेनात, तेव्हा त्याने मान इकडे तिकडे फिरवली. खुर्चीशी ते दिसल्यावर त्याने हात वर केला. श्यामसुंदरांनीही केला.

शनिवारी सकाळी, पद्मजाताई यायच्या अर्धा तास आधी, त्यांनी गोदामातल्या टेबलावर अहवाल लिहायला घेतला. कापडाचे वजन, सुताचे प्रमाण, प्रयोगाची पद्धत, सहा शर्टांचे आकडे. शर्टांची अदलाबदल आपण कोणालाही न सांगता केली, हेही त्यांनी पद्धतीखाली लिहिले. शिफारशीपुढे लिहिले : *कापड टिकाऊ आहे. सर्वांसाठी घ्यावे. सूचना युसूफची.* मग ते 'शर्ट क्रमांक एकवरील जास्तीच्या डागांचे कारण' या ओळीशी आले. तिथे त्यांनी प्रथम लिहिले, *देखरेखीच्या कामानिमित्त भिंतीजवळ थांबावे लागल्याने.* ते वाचले. पट्टी ठेवून त्यावर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले :

*दोरीवरच्या माणसाच्या चुका टिपण्यासाठी मी रोज फितीच्या आत, त्याच्या बरोबर खाली, मान वर करून उभा राहत होतो.*