अकरा हात बांध

माझा वार्षिक अहवाल बावीस पानांचा होता आणि त्यातली एकवीस पानं खरी होती, हे मी छातीठोकपणे सांगते.

कोळव्यात ग्रामसेविका म्हणून येऊन मला दहा महिने झाले होते. मधल्या काळात सरकारने आमच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावाने मला पहिल्याच दिवशी ‘म्याडम’ केलं ते केलंच. माझा पारा लवकर चढतो, हे मला मान्य आहे. मी सिन्नरकडची. आमच्याकडे हंडाभर पाण्यासाठी एवढं भांडावं लागतं की पुढे सवयच लागते.

अहवालात काय नव्हतं! चौदा जन्म, नऊ मृत्यू, दोन गटारं, अंगणवाडीचं नवं छप्पर, स्मशानातली शेड, रस्त्यावरचे सत्तर दिवे आणि कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम, जी कुत्र्यांनीच उधळून लावली. त्यातली प्रत्येक गोष्ट मी स्वतः जाऊन पाहिली होती. फक्त सतराव्या पानावर एक ओळ होती: ‘खाडीकडील खारबांध सुस्थितीत आहे.’ ती मी मागच्या वर्षीच्या अहवालातून उचलली. बांध दीड किलोमीटर लांब, ऊन मरणाचं, आणि संध्याकाळी पनवेलला मीटिंग. म्हटलं, मातीच्या बांधाला काय होतंय?

ग्रामपंचायतीचे शिपाई महादेवकाका. नळाला पाणी सोडायचं, नोटिसा वाटायच्या, स्पीकरवरून पुकारा करायचा, सगळं तेच करतात. त्यांनी मला बांधाबद्दल सांगायचा प्रयत्न केला होता. हा बांध खाडीचं खारं पाणी अडवतो आणि त्याच्या आत गावची शेतं आणि गोडी विहीर आहे, एवढं मला माहीत होतं. पण हा बांध म्हणे एकशे चाळीस घरांत वाटलेला आहे. कुणाचा वाटा सात हात, कुणाचा चाळीस. खेकड्याने भोक पाडलं, उन्हाने भेग गेली, की ज्याचा वाटा त्याने बुजवायची. आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याने सांगितल्याशिवाय फावडं लावायचं नाही.

“का?” मी विचारलं होतं.

“लावला तर त्याचा अर्थ, त्या घरात आता कोन जिता नाय,” महादेवकाका म्हणाले. “जित्या मानसाला असा बोलतात काय?”

“काका, मला ऐकीव गोष्टी नकोत. याचं रजिस्टर कुठाय ते सांगा.”

रजिस्टर नव्हतंच. विषय तिथंच संपला.

यंदा एक मे नेमका पौर्णिमेला आला. सकाळी झेंडा झाला आणि दहाला शाळेच्या पटांगणात मांडवाखाली ग्रामसभा भरली. भरली म्हणजे काय, एकोणीस माणसं. त्यातले चार सदस्य आणि दोघं मांडवाच्या खुर्च्यांवर लक्ष ठेवायला आलेले. मी मनातल्या मनात गावाला शिव्या घातल्या. एवढी राबून पानं लिहिली, ती ऐकायला यांना वेळ नाही. तळोज्याच्या कारखान्यांतले रात्रपाळीवाले झोपलेले, बायका मासळी घेऊन बाजारात, बाकीचे कुठं होते देव जाणे. टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी परेशभाऊ मात्र पांढरे शुभ्र बूट घालून पहिल्या रांगेत होते. गावाच्या रस्त्याकडच्या शेतांवर तीन वर्षांपूर्वी टॉवर उभे राहिले, तिथले ते. कचऱ्याची गाडी आणि कुत्रे, असे दोन विषय ते घेऊन आले होते.

मी सतराव्या पानावर आले, ती ओळ वाचली, आणि मागून आवाज आला.

“म्याडम, आमच्या वाट्याचा काय ठरला?”

दमयंती आजी उभी होती. वय पंचाहत्तरच्या आसपास, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काठी नाही. तिचा नवरा विठू वारला आणि मुलाने, मिथुनने, शेत विकलं. टॉवर त्याच शेतावर आहेत. मुलगा पनवेलला फ्लॅटवर राहायला गेला, ही गावातच राहिली.

“आजी, हा विषय अजेंड्यावर नाही,” मी म्हटलं. “आणि बांध सुस्थितीत आहे.”

“कोनी बगला?”

मी पुढचं पान उलटलं. आजी परेशभाऊंकडे वळली. “अकरा हात वाटा हाय. शेताबरोबर तुमच्याकडं आला. तीन वर्सं झाली, त्यावर फावडा नाय परला. तुमी कदी करनार?”

परेशभाऊंनी इकडे तिकडे पाहिलं. “कुठला वाटा?” ते म्हणाले. “सॉरी, कुठला बांध?”

मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. मला तेव्हा कुठे उमगलं. शेत घेणारा त्या शेताचा वाटाही घेतो, हे गावाला इतकं उघड होतं की ते टॉवरवाल्यांना सांगायला हवं, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तीन वर्षं सगळे आपापला वाटा लिंपत होते आणि मधले अकरा हात मान वळवून ओलांडत होते. आळस म्हणून नाही, शत्रुत्व म्हणून नाही. मान ठेवायचा म्हणून!

“आणि आजी, तुम्ही का नाही केलं?” माझा आवाज चढला. “तुम्हाला दिसत होतं ना?”

“विकलेल्या वाट्यावर मी कशी जाऊ? लोक बोलतील, म्हातारी जमीन परत मागते.” आजीचा आवाज खाली आला. “तीन वर्सं मी बांधावरून जातच नाय. वाटा नाय त्याला बांधावर काय काम?”

एवढ्यात शाळेच्या मागून ओरडा आला. “खांड गेली! खांड गेली!”

खांड म्हणजे बांधाला पडलेलं खिंडार. त्या शब्दाने मांडवातली एकोणीसच्या एकोणीस माणसं उठली. मीही धावले, अहवाल तसाच हातात.

खिंडार कुठे पडलं असेल, हे सांगायला नकोच. त्याच अकरा हातांत. खेकड्यांनी पोखरलेली कोरडी माती उधाणाच्या भरतीने आत ढकलली होती आणि दोन हात रुंदीची धार शेतात घुसत होती. महादेवकाकांनी सूर्याकडे पाहिलं. “अजून तासभर पानी चढनार,” ते म्हणाले. शेतं मे महिन्यात रिकामीच होती. पण शेतांच्या पलीकडे, दोनशे पावलांवर गोडी विहीर होती. नळाला चार दिवसांआड पाणी. मधले चार दिवस गाव या विहिरीवर जगत होतं, आणि टॉवरचा टँकरही तिथंच भरत होता.

“खारा एकदा झऱ्यात उतरला, की ही विहीर पाच-सात पावसाळे प्यायची नाय,” महादेवकाका म्हणाले.

आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही पूर्ण सांगता येत नाही. गाव आलं. ग्रामसभेला न आलेलं सगळं गाव आलं. रात्रपाळीवाले डोळे चोळत, बनियनवर. बाजारातून परतलेल्या बायका टोपल्या रिकाम्या करून. केतन आणि शिवा ही तरणी पोरं बांबू घेऊन, पोरीबाळी पेंढ्याचे भारे ओढत. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. पाच मिनिटांत बांधाच्या दोन्ही अंगांना दोनशेच्या वर माणसं, भरलेली घमेली घेऊन.

आणि ती थांबली. खरंच सांगते, थांबली! अकरा हातांच्या अलीकडे आणि पलीकडे, रेघ आखावी तशी. मधून पाणी घुसतंय, कडा ढासळताहेत, दोनाचे तीन हात झाले, आणि एक फावडं चालेना. शिवाने एकदा पुढे पाऊल टाकलं तर मासळी विकणारी शकूमावशी त्याच्या अंगावर ओरडली, “जित्या घरावर फावडा मारतो काय रे?”

माझं डोकं फिरलं. “अरे, वेडे आहात का तुम्ही? विहीर जाईल! मी सांगते, ग्रामपंचायत सांगते, भरा!”

कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे परेशभाऊंकडे पाहत होते. ते धापा टाकत मागून पोचले होते. दोनशे माणसं डोक्यावर चिखल घेऊन एका माणसाच्या शब्दासाठी उभी होती, आणि त्या माणसाला आपल्याकडे शब्द आहे हेच माहीत नव्हतं. संताप होताच, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी हललं. माणसं एखाद्याचा मान इतका राखू शकतात, हे मी कुठेच पाहिलं नव्हतं.

“मला कमिटीला विचारावं लागेल,” परेशभाऊ पुटपुटले. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि शेवटी आजीकडे. “आजी, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा, मी काय करू?”

आजीने एक क्षण त्यांच्या बुटांकडे पाहिलं. “उतर,” ती म्हणाली.

ते उतरले. मांडीपर्यंत चिखलात गेले, वाकले, दोन्ही हातांनी एक गोळा उचलून खिंडारात टाकला. तो लगेच वाहून गेला. काही बिघडलं नाही. घरधन्याचा हात लागला होता.

“या!” आजी ओरडली. “सगले या!”

गाव तुटून पडलं. आधी सात-आठ पुरुष खिंडारात उतरले आणि दोन रांगांत, दंडात दंड अडकवून, खाडीकडे पाठ करून बसले. हो, बसले. पाणी त्यांच्या खांद्यांवरून उसळत होतं आणि ते हलत नव्हते. त्यांच्या आतल्या बाजूला बांबू ठोकले गेले, पेंढा रचला गेला, त्यावर चिखल. बायकांची रांग शेतातून बांधापर्यंत लागली. गोळा या हातातून त्या हातात, एकही खाली पडत नव्हता. मीही रांगेत होते. शकूमावशी आणि मी यांच्यामध्ये आजी होती. ती गोळा घ्यायची, तळव्यांत दाबून त्यातली हवा काढायची आणि मगच पुढे द्यायची. तिची पाठ सरळ, श्वास संथ. माझे हात भरून आले तेव्हा ती म्हणाली, “घाई नको म्याडम. पानी दमतो, मानसानं दमू नये.”

अहवालाचं काय झालं असं कुणी विचारलं नाही, पण सांगते. सतरावं पान मी फाडलं आणि पेंढ्याबरोबर चिखलात दाबलं. ते तिथंच आहे.

एक वाजायच्या सुमारास पाणी चढायचं थांबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खांद्याला खांदा लावून बसलेले पुरुष एकेक करून उठले. त्यांच्या पाठी लालबुंद झाल्या होत्या. परेशभाऊही त्यांच्यात होते, ते कधी जाऊन बसले मला कळलंच नाही. खारं पाणी विहिरीपासून तीसेक पावलांवर अडलं होतं. महादेवकाकांनी पोहरा सोडला, पाणी काढलं, आणि ओंजळ आजीपुढे धरली. तिने घोट घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“गोडा हाय,” ती म्हणाली. मला रडूच फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

“गावकऱ्यांनो,” मी म्हटलं, “बांध सुस्थितीत आहे असं मी न बघता लिहिलं होतं. चूक माझी.”

“आमी पन बगितला नाय, म्याडम,” महादेवकाका म्हणाले. “आमी बगून मान वलवली.”

मला वाटलं, आता सगळे घरी जातील. पण लोक बांधावर चढू लागले आणि जो तो आपापल्या वाट्यावर जाऊन उभा राहिला, थेट शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या उघाडीच्या दारापर्यंत. बांधाचं मोठं काम झालं की असंच करतात म्हणे. एकाने घरोघरचं नाव पुकारत जायचं आणि त्या घराने ओ द्यायची, म्हणजे बांध कुठे उघडा नाही हे कळतं. महादेवकाका निघाले. एकेक नाव, एकेक “हाय!” दीड किलोमीटर मातीवर उभं असलेलं ते गाव मी पाहिलं आणि मला माझ्या एकवीस खऱ्या पानांची लाज वाटली. मी दिवे मोजले, गटारं मोजली. हे मोजायचं राहूनच गेलं होतं.

काका त्या ओल्या अकरा हातांपाशी आले आणि थांबले. तिथं परेशभाऊ एकटेच उभे होते, अनवाणी, त्यांचे बूट चिखलाने खाल्ले होते. आजी खाली शेतात, रिकामं घमेलं काखेत धरून घराकडे निघाली होती.

“तुमचा नाव काय घेऊ? टॉवर?” काकांनी विचारलं.

“आमचं घ्या,” परेशभाऊ म्हणाले. “पण नंतर. आधी आजींच्या घराचं घ्या. आम्हाला दोघांना मिळून राहू दे हा वाटा. चालतं ना असं?”

असं आजवर झालं नव्हतं. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडच्या घरांनी मान हलवली. आता नाव विठूचं घ्यायचं की मिथुनचं, हा प्रश्न होता, कारण पुकारा नेहमी घरातल्या पुरुषाच्या नावानेच होतो. विठू नव्हता, मिथुन आला नव्हता. काकांनी छाती भरून श्वास घेतला.

“दमयंतीचा वाटा!”

आजी थबकली. तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी तसं. काकांनी परत हाक दिली. सगळं गाव वाट बघत होतं आणि कुणीच पुढच्या नावाची घाई करत नव्हतं. आजीने घमेलं खाली ठेवलं, चिखलाच्याच हातांनी पदर डोक्यावर घेतला, आणि बांध चढून आपल्या जागी येऊन उभी राहिली.

“हाय,” ती म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नसावं, कारण खाडीकडे तोंड करून ती पुन्हा, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा ओरडली, “हाय रे, मी हाय!”