चांदणीचं माप

मुबश्शिरानं ओला टॉवेल सृष्टीच्या कानावर दाबून धरला आणि आकारामला लोखंड कापायचा ग्राइंडर चालू करायला सांगितलं.

चार वर्षांच्या सृष्टीचं डोकं जिन्याच्या लोखंडी जाळीत अडकलं होतं. जाळीतल्या दहा टोकांच्या चांदणीतून तिनं खाली वाकून पाहिलं आणि डोकं मागं येईना. तेल लावून झालं, साबण लावून झाला. रडून रडून पोरीचा आवाज बसला. मलकापुरातल्या या नव्या बंगल्याची जाळी मुबश्शिरानं आखली होती आणि आकारामनं बसवली होती. म्हणून सृष्टीचे आजोबा, निवृत्त सुभेदार लालासाहेब, यांनी दोघांनाही बोलावून घेतलं होतं.

आकाराम पातं जाळीजवळ आणून थांबला.

“ताई, पातं जरा जरी सरकलं तर?”

“माझा हात मध्ये आहे. आधी मला लागेल.”

पातं पत्र्याला टेकलं. ठिणग्या उडाल्या. टॉवेलमधून आधी ऊब आली, मग चटका. मुबश्शिराला डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते, पण खालच्या पायरीवर ती सृष्टीच्या समोरच उभी होती आणि पोर तिच्याकडे टक लावून बघत होती. तिनं हात हलवला नाही. शेवटी चांदणीचं एक टोक तुटून खाली पडलं. आजी अंजनाबाईंनी नातीला ओढून पोटाशी धरलं आणि आत नेलं.

आता बोलणी खावी लागणार, अशी मुबश्शिराला धास्ती होती. ती माफी मागू लागली, तर लालासाहेबांनी हातानंच थांबवलं.

“पोरगी सुटली, झालं. जाळी लय देखणी हाय. परत तशीच करून दे.”

तिला हो म्हणवेना. तिचे आजोबा अल्लाबक्ष लाकडात अशाच जाळ्या कोरत, पण त्यांच्या प्रत्येक चांदणीच्या पोटात बारीक फूल असे. नव्या घरांत मोकळं दिसावं म्हणून तिनं ते काढून टाकलं होतं, त्यानंच भोक डोकं मावेल एवढं झालं होतं. लोकांना ते आवडलं. गेल्याच महिन्यात तासगावच्या एका बालवाडीच्या व्हरांड्याला हीच जाळी लागली होती. चित्र हेच, मापही हेच.

तिनं लालासाहेबांना हे सांगितलं आणि बालवाडीच्या संयोगिताबाईंना फोन लावला. मागं पोरांचा कलकलाट होता.

“जाळी ना? पोरांना लय आवडती. आता मधली सुट्टीय, सगळी तिथंच हायत.”

“बाई, त्यांना आत घ्या. एकेकाचं नाव घेऊन. फोन ठेवू नका.”

बाई आधी हसल्या. मग तिच्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, एकेक नाव घेऊ लागल्या. नावामागून ‘हजर’ येत होतं. शंभूराजच्या नावाला काहीच आलं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. मुबश्शिरा पायरीवर बसली. लांबून, नळाकडून असावा, एक बारीक आवाज आला, “आलो बाई.”

तिनं फोन ठेवला तेव्हा लालासाहेब पायांत चपला सरकवत होते.

“आकाराम,” ते म्हणाले, “मशीन गाडीत टाक. तासगावला जायचंय.”