ताईच्या वाट्याची गोळी

ताई म्हणजे नुसती काडी आणि तिचा धाकटा भाऊ म्हणजे भरलेली गोणी. चित्रांना चौकटी बसवायच्या त्यांच्या दुकानात ती काच कापायची, तो लाकूड. आई लवकर गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं, स्वतःच्या ताटातलं त्याच्या ताटात सारून. त्यामुळे ताई देईल ते मुकाट गिळायचं, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं. ती रोज जेवणानंतर एक बारीकशी गोळी त्याच्या हातावर ठेवू लागली, तेव्हाही त्याने "कसली गं?" एवढंच विचारलं.

"चरबीची. आ कर."

ताईचा मधुमेह जुना. एकदा तिच्या तपासणीला तोही सोबत आला होता.

"साखर छान आटोक्यात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण रक्तातली चरबी काही हललेली नाही. गोळ्या चुकवता का?"

"एकही नाही!" ताई ठसक्यात म्हणाली. "रोज याच्या तोंडात घालते."

"यांच्या?"

"मग? माझ्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, चरबी कुठून येणार? आणि हा बघा! म्हटलं, ज्याची चरबी त्याला गोळी."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "अंगावरची चरबी वेगळी, रक्तातली वेगळी. मधुमेहात काटकुळ्या माणसाच्या रक्तातही ती वाढते, रक्तवाहिन्यांत साचत जाते आणि एक दिवस हृदयाची वाट अडवते." मग त्या भावाकडे वळल्या. "आणि दुसऱ्याचं औषध कुणी खातं का हो?"

"ताईने दिलं," तो पुटपुटला, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ताईने गोळी काढली. "तुझ्याही रक्तात असेलच की थोडी. अर्धी अर्धी करू."

त्याने ओठ घट्ट मिटून मान हलवली. "आजवर तुझ्या वाटणीचं सगळं खाल्लं, ताई. हे नाही खाणार. तुला काही झालं तर मी..."

ताईने तोंड वाकडं करून अख्खी गोळी गिळली.

"बरं. पण उद्या तुझंही रक्त तपासायचं. उपाशीपोटी."

"उपाशी?" त्याचा चेहरा उतरला.

"मीही नाही खाणार काही, सोबत म्हणून."

"मुळीच नाही. तू खाऊन यायचंस."

दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्याला जरा सोपं गेलं.